चकल्यांखालचा कागद

भाजणीची पहिली चकली तेलात पडली, की त्या खमंग वासाने बाकीच्यांना आजोळ आठवत असेल. मला त्या वासाच्या मागोमाग मशीनच्या तेलाचा वास येतो. परवाही आला. सून तळत होती, मी सोऱ्या फिरवत होते, घरात मशीन म्हणावं तर मिक्सर तेवढा, आणि मला मात्र स्वच्छ तो जुना, जडसर, काळपट तेलाचा वास. पुण्याच्या या चौथ्या मजल्यावरून मी थेट कलकत्त्याला, बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरात जाऊन उभी राहिले. सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुर्गापूजेचे मांडव उतरवून बांबू फुटपाथवर रचून ठेवलेले, आणि कालीपूजेचे मांडव त्याच बांबूंनी उभे राहायला लागलेले. आमची दिवाळी या दोन मांडवांच्या मधे कुठेतरी अंग चोरून बसायची.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. बदली होऊन नागपूरहून आलो तेव्हा मी शाळेत होते, आणि ज्या वर्षाचं सांगतेय तेव्हा कॉलेजात. बाबांना रेडिओचा नाद होता. नाद म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. ते सरकारी परवाना असलेले हौशी रेडिओवाले होते. गच्चीवर दोन बांबूंना तार ताणून, तारमास्तरासारखं टकटक करत, कुठल्या कुठल्या गावच्या माणसांशी बोलायचे. आई म्हणायची, "घरातल्या माणसांशी बोलायला यांना वेळ नाही, आणि सिलोनच्या माणसाच्या गुडघेदुखीची चौकशी करतात." यात अतिशयोक्ती नव्हती. तो माणूस गुडघ्याचं खरंच सांगायचा.

त्या वर्षी आषाढात बाबांनी तिथल्या चांदनी चौकातल्या भंगारवाल्याकडून एक टेलिप्रिंटर आणला. टाइपरायटरचा थोरला, तापट भाऊ म्हणा. चार हमाल तो घेऊन घामाघूम होत जिना चढले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या माशीमा, कपाळाला हात लावून बघत राहिल्या. आई दारात उभी. "अहो, घरात गिरणी आणलीत की काय?" मामा तेव्हा योगायोगाने आलेला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, ओरिसाच्या किनाऱ्यावर एका बंदराच्या बांधकामावर इंजिनियर. तो म्हणाला, "ताई, भाऊजींनी तुला सवत आणलीय. आणि चांगली वजनदार बघून आणलीय."

आई हसली नाही. मामाच्या विनोदाला ती कधीच लगेच हसायची नाही. स्वयंपाकघरात जाऊन, पाठ वळवून हसायची.

बाबांची कल्पना अशी होती, की हवेतून येणारा संदेश माणसाने कानाने ऐकून लिहायचा, त्यापेक्षा यंत्रानेच तो ऐकावा आणि यंत्रानेच टाइप करावा. आज यात काही वाटणार नाही. माझी नात झोपेतसुद्धा फोनवर संदेश घेते. पण तेव्हा मी जे पाहिलं त्याचं आश्चर्य अजून माझ्या अंगात आहे, आणि ते जावं असं मला वाटतही नाही.

आधी ते यंत्र ताळ्यावर आणायला बाबांना सगळा श्रावण लागला. संदेश यायचा तो दोन सुरांत, एक जरा उंच, एक जरा खाली. त्यांची अशी भराभर उलटापालट, की पिंजऱ्यात दोन पक्षी भांडतायत असं वाटावं. बाबांनी स्वतः डाग देऊन एक पेटी बनवली होती. ती त्या दोन सुरांना वेगळं करायची आणि यंत्राला कळेल अशा ठोक्यांत बदलायची. पेटीवर एक हिरवा डोळा होता, काचेची नळीच ती. सूर नीट पकडला की तो डोळा मिटायचा. बाबा केसभर चकती फिरवायचे, डोळा किलकिला व्हायचा, पुन्हा उघडायचा. "झोप गं बाई आता," असं ते त्याला लहान मुलासारखं विनवायचे.

आणि वेग. यंत्राचा वेग पाठवणाऱ्याच्या वेगाशी जुळला नाही तर सगळा भुसा. त्यासाठी यंत्राच्या चाकावर काळे-पांढरे पट्टे होते आणि बाबांकडे एक चिमट्यासारखा स्वरकाटा होता, त्याच्या टोकांना फट असलेल्या दोन पत्र्या. काटा गुडघ्यावर आपटायचा, तो थरथरत असतानाच डोळ्यापुढे धरायचा आणि फटीतून चाकाकडे बघायचं. "ये, बघ," बाबा म्हणाले. मी पाहिलं. चाक घरघरत फिरत होतं, हाताला वारा लागत होता, आणि पट्टे? पट्टे जागच्या जागी उभे! काटा बाजूला केला की चाक फिरतंय, डोळ्याला लावला की थांबलंय. मी आईला ओढत आणलं. तिने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "हे देवाधर्माचं काहीतरी आहे. याला पाय लावू नका कोणी."

मग एका संध्याकाळी हिरवा डोळा मिटला, मिटलेलाच राहिला, आणि यंत्र खडबडून जागं झालं. कोणी बसलेलं नाही, कोणाचा हात नाही, आणि खट-खट-खट कागदावर ओळ उमटतेय. विशाखापट्टणमला बाबांचा एक दोस्त होता, निवृत्त गृहस्थ, त्याच्याकडेही असंच यंत्र. तो तिकडे बोटं चालवत होता आणि इकडे बालीगंजात आमच्या कपाटाशेजारी शब्द उमटत होते. मधे समुद्र, डोंगर, आणि नुसती हवा. माझ्या अंगावर काटा आला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले, "धूळ गेली."

त्यानंतर यंत्र रोज सकाळ-दुपार हवामानाचं बुलेटिन टिपायला लागलं. ते नुसतेच आकडे. ओळीच्या ओळी आकडे. बाबा सरावासाठी ते घेत आणि पाहून झालं की कागद टाकून देत. टाकून देत म्हणजे आई टाकू देत नसे. चांगला जाड, तेल पिणारा कागद! डब्यांच्या तळाशी, फडताळावर, पुऱ्यांखाली, सगळीकडे आमच्याकडे बंगालच्या उपसागराचं हवामान अंथरलेलं असायचं. घरचा नियमच पडला होता तो: शब्द असले तर बाबांकडे, आकडे असले तर आईकडे.

त्या आश्विनात वादळ आलं. कलकत्त्याला त्याचं नुसतं शेपूट लागलं. दुपारचं आभाळ पिवळट, हळद कालवल्यासारखं झालं, माशीमांच्या अंगणातला प्राजक्त सगळा एकदम जमिनीवर आला, आणि खिडक्या रडल्यासारख्या वाजत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात किनाऱ्याचं वाचलं. समुद्र आत शिरला होता. तारा तुटल्या, रेल्वे बंद, पोस्ट बंद. मामाच्या बंदराचं नाव बातमीत होतं. आईने ते वाचलं, पेपराची घडी घातली, आणि भाजणी भाजायला घेतली.

"आत्ता?" बाबा म्हणाले.

"भाऊबीजेला तो येणार आहे. चकल्या नकोत?"

बाबा यंत्रापाशी जाऊन बसले. किनाऱ्यावरच्या एक-दोन हौशी रेडिओवाल्यांनी मोटारीच्या बॅटरीवर टकटक सुरू केली होती. लोकांचे निरोप ते विशाखापट्टणमला देत आणि तो निवृत्त गृहस्थ त्यातले कलकत्त्याचे निरोप टेलिप्रिंटरवरून पुढे सोडत असे. प्रत्येक निरोप दुपारी एकदा, संध्याकाळी पुन्हा एकदा. कलकत्त्यात असं यंत्र लावून बसलेलं घर एकटं आमचं. निरोप दोन-चार शब्दांचे. वर नाव, पत्ता. बाबा ते कागद कापून खिशात घालत आणि ऑफिस सुटलं की पोचवायला निघत. बंगाली त्यांचं कच्चं, म्हणून मी बरोबर. बेहालात एका लेथवर काम करणाऱ्याला त्याच्या भावाचा निरोप दिला, तर त्याने मशीन बंद केलं आणि दुकानातल्या सगळ्यांना रसगुल्ले आणवले. आम्हाला उठूच देईना.

बागबाजारची म्हातारी मात्र मी विसरणार नाही. ट्रामने गेलो. वाटेत बाबा म्हणाले, "मराठ्यांच्या भीतीने या लोकांनी खंदक खणला तो इथूनच सुरू झाला बरं. आणि आज बघ, मराठे बातमी घेऊन आलेत." अरुंद गल्ली, लाल जोत्यावर बसलेली एक पांढऱ्या साडीतली बाई. तिचा मुलगा तिकडे शाळामास्तर. मी सांगितलं, मुलगा बरा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "बेंचे आछे?" जिवंत आहे? मी मान हलवली. "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "बाताशे एशेछे, मा." वाऱ्यावर आलंय. तिने तो चिटोरा कपाळाला लावला, मग माझा हात लावला, मग बाबांचा. येताना ट्राममधे ते म्हणाले, "आपण काही केलं नाही गं. आपण नुसतं ऐकलं."

पण घरी आई होती ना.

"दुसऱ्यांचे येतात निरोप," ती म्हणाली. "तुमच्याकडे बोलायचं यंत्रही आहे. एकदा त्या माणसाला विचारा. एकदाच. अमक्या नावाचा इंजिनियर आहे का म्हणून."

"नाही विचारता येत."

"म्हणजे येतं. पण विचारत नाही."

"अगं, निरोप चालू असताना मधे कोणी तोंड उघडायचं नाही, ही आमच्यातली रीत आहे. प्रत्येकाने एकेकदाच विचारायचं ठरवलं, तर नुसते प्रश्नच ऐकू येतील. त्या बागबाजारच्या बाईचं काय झालं असतं?"

"तिचं झालं ना? माझं काय होतंय ते बघा की!"

इतकी मोठ्याने आई कधी बोलत नसे. बाबा खाली मान घालून स्वरकाटा पुसत बसले. मला त्या क्षणी बाबांचा भयंकर राग आला होता आणि ते बरोबर आहेत हेही कळत होतं. आई आत गेली. भाजणीचा डबा आपटल्याचा आवाज आला. बाबा त्या दिवसापासून जेवायलाही यंत्रापाशीच बसू लागले. काही विचारायचं नाही, पण आलेलं एक अक्षर सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

आणि तरीसुद्धा काय झालं बघा.

चकल्या तळल्या त्या सुट्टीच्या दुपारी उत्तरेकडे विजा होत होत्या. प्रत्येक कडकडाटाला यंत्र अडखळायचं, ओळभर भुसा टाइप करायचं, पुन्हा सावरायचं. आईने आतून हाक मारली, "अहो, कागद आहे का?" बाबांनी नुकताच उमटलेला तुकडा बघितला. वर थोडा भुसा, खाली आकडे. "हवामान दिसतंय. घे," असं म्हणून त्यांनी तो टरकावला आणि माझ्या हातात दिला. मी तो आत नेऊन परातीत पसरला. आईने त्यावर गरम चकल्या काढल्या आणि गार झाल्यावर कागदासकट डब्यात भरल्या. संध्याकाळी निरोप पुन्हा यायच्या वेळेला लोडशेडिंग. सगळा बालीगंज काळोखात, आणि हिरवा डोळाही गेला. बाबांनी मेणबत्ती लावून त्या मेलेल्या यंत्रासमोर बसून राहावं, हे मला बघवेना.

लक्ष्मीपूजन झालं. पाडवा झाला. मामाचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. कोणी डब्यातल्या चकल्यांनाही हात लावला नाही. त्या मामासाठी होत्या.

भाऊबीज उजाडली. खाली माशीमांकडे भाईफोटा, म्हणजे त्यांची भाऊबीज, सकाळपासून शंख वाजत होते. संध्याकाळी आईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं नीट ठेवलं आणि पाटासमोर बसून राहिली. पाट रिकामा. बाबा खिडकीत. द्वितीयेची बारीक कोर समोरच्या गच्चीवर आली. बाबा अगदी हळू म्हणाले, "अगं, मावळेल. चंद्राला तरी ओवाळ."

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की मी भिंतीला टेकले.

"चंद्राला ओवाळतात ते भाऊ नसलेल्या बायकांनी. मला आहे."

तेवढ्यात माशीमा मिठाई घेऊन वर आल्या. रिकामा पाट बघून त्यांना सगळं समजलं. आईच्या शेजारी बसत त्या म्हणाल्या, "आमच्यात भाऊ दूर असला ना, की भिंतीवर टिळा लावतात. त्याच्या नावाने. पोचतो तो." मी आईला मराठीत सांगितलं. आई उठली. माशीमांना फराळाला काहीतरी द्यायला हवं होतं, आणि दुसरं काही उरलेलं नव्हतं. तिने चकल्यांचा डबा काढला. एकेक चकली बशीत ठेवताना तिचा हात थांबला. मग खालचा तेलकट कागद तिने दिव्याजवळ नेला.

"हा आपल्या घराचा नंबर कसा काय?"

बाबा झटकन उठले. तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर, हवामानाच्या आकड्यांसारख्याच दिसणाऱ्या ओळीत, आमच्या घराचा नंबर होता, सत्तेचाळीस. त्यापुढे खुणाच खुणा. आणि शेवटी सुटे: ५-८ ६३५९.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "पत्ता," ते म्हणाले. "हा पत्ता आहे." आणि मग भराभर समजावायला लागले, समजावताना जीभ अडखळत होती. टेलिप्रिंटरच्या एकाच बटणावर अक्षर आणि आकडा दोन्ही असतात. पत्त्यात घराचा नंबर आला, की यंत्र आकड्यांकडे वळतं. नंतर 'आता पुन्हा अक्षरं' अशी एक खूण यावी लागते. ती खूण विजेच्या कडकडाटात गेली होती. वरचं नावही तसंच गेलं. यंत्र बिचारं पुढची अक्षरंसुद्धा आकडे म्हणूनच टाइप करत राहिलं.

"व्याख्यान पुरे," आई म्हणाली. "वाचा."

कागद दिव्यापुढे धरायला बाबा हवे होते. म्हणून मीच यंत्रापाशी बसले आणि बटणांवर बोट ठेवत गेले. पाच. त्या बटणावर टी. आडवी रेघ, ए. आठ, आय.

"टी, ए, आय," मी म्हटलं. "ताई."

खाली शंख वाजत होता. सहा, तीन, पाच, नऊ. वाय, ई, टी, ओ.

"ताई, येतो."

आई खाली बसली. रडली नाही ती. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग चकल्यांच्या डब्याकडे, आणि म्हणाली, "सगळ्या कलकत्त्याला निरोप वाटत फिरलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग मात्र तिला हसू आलं, पाठ न वळवता, सगळ्यांसमोर, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. बाबाही रडत होते. या वेळी धुळीचं नाव त्यांनी घेतलं नाही. माशीमांना अजून काही कळलेलं नव्हतं, पण त्याही रडायला लागल्या.

मग आई तबक घेऊन उठली. गच्चीवरची तार खिडकीजवळच्या एका भोकातून आमच्या घरात शिरायची. त्या भोकाशेजारी, भिंतीवर, तिने कुंकवाचं बोट टेकवलं. त्यावर अक्षता लावल्या आणि निरांजनाने ओवाळलं. तारेला, भिंतीला, वाऱ्याला, कोणाला ते तीच जाणे. त्या ज्योतीत तिचं तोंड मी बघत होते. इतकी माणसं, इतकं पाणी, इतका अंधार मधे, आणि त्यातून माझ्या मामाचे दोन शब्द आमच्या परातीपर्यंत आले होते. आम्ही त्यांच्यावर चकल्या निथळत ठेवल्या तरी ते तिथेच थांबून राहिले.

मामा आला तो तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला. दाढी वाढलेली, पायात दुसऱ्याच कोणाचे बूट. दारातच म्हणाला, "ताई, चकल्या मऊ पडल्या असतील ना?" आईने त्याला आधी फटका मारला, मग पाटावर बसवलं. चकल्या मऊच पडल्या होत्या. त्याने सगळ्या खाल्ल्या.

पुढे बदली झाली, यंत्र पुन्हा भंगारवाल्याकडे गेलं. घर सोडताना भिंतीवरचं ते कुंकवाचं बोट फिकट का होईना, होतं. माशीमांनी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितलं होतं म्हणे. आता मामा नाही, बाबा नाहीत, आई जाऊनही बरीच वर्षं झाली. माझा मामेभाऊ कॅनडात असतो. भाऊबीजेला त्याचा फोन येतो, चित्रासकट, वेळेवर, स्वच्छ. कधी वीज जात नाही, कधी अक्षराचा आकडा होत नाही. तरी तो पडद्यावर दिसला, की पहिला क्षणभर माझा श्वास अडकतोच.

परवा सुनेने टिश्यूचा रोल पुढे केला. "नको," मी म्हटलं. कपाटातून जुनं वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला आणि एकेक पान उलटसुलट करून बघायला लागले. तेल तापलं होतं, चकल्या तयार होत्या.

"आई, आता पेपर काय वाचत बसलात?"

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी बघू दे, कोणाचा निरोप तर नाही ना."